उदासिनीकरणाच्या गणिताचं उत्तर चुकतंय? आधी किती पटीनं चुकलंय ते बघा

"सर, मी तीनदा केलो की. तिन्ही वेळा १३.८च येतंय."

फळ्यावरचं उत्तर होतं ५५.२. बोलणारी पोरगी बारावीची, वही नीटनेटकी, सगळ्या पायऱ्या मांडलेल्या. वर तिच्याकडं पुरावाही होता. थोरल्या भावाचं जुनं गाईड तिनं उघडून पुढं केलं. त्यात तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणासाठी, म्हणजे दोन्ही मिसळून पाणी आणि मीठ होताना सुटणाऱ्या उष्णतेसाठी, १३.७ छापलेलं. म्हणजे गाईड तिच्या बाजूनं आणि मी एकटा पलीकडं. निम्मी बॅच लगेच तिच्याकडनं झाली.

कोल्हापुरात राजारामपुरीत मी संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग घेतो. दर पावसाळ्यात ऊष्मागतिकीचा धडा आला की हे एक गणित मला छळतं. गंमत अशी की गुणाकार-भागाकार कुणाचाच चुकत नाही, कॅल्क्युलेटर असतोच. चूक त्याच्या आधी झालेली असते, आणि ती उत्तरात आपला ठसा सोडून जाते. उत्तर निम्मं येतं, पाव येतं, दुप्पट येतं, हजारपट येतं, कधी तर बेचाळीसपट येतं. म्हणून हल्ली मी वही वरपासून खालपर्यंत वाचतच नाही. बरोबर उत्तर आणि पोराचं उत्तर यांचा भागाकार करतो. तो आकडा बघितला की कुठल्या पायरीवर पाय घसरलाय ते बहुतेक वेळा कळतं.

गणित साधंच आहे. १ मोलार (लिटरमागं १ मोल; मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली, १ मोलार सोडियम हायड्रॉक्साईड ५० मिली, दोन्ही २७.४ अंश सेल्सिअसला. एकत्र केल्यावर तापमान ३४.० अंशांवर गेलं. द्रावणाची घनता १ ग्रॅम प्रति मिली धरा, विशिष्ट उष्माधारकता ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, आणि कॅलरीमापीनं, म्हणजे ज्यात हे मिसळलं त्या भांड्यानं, खाल्लेली उष्णता सोडून द्या. उदासिनीकरणाची एन्थाल्पी, म्हणजे तयार झालेल्या पाण्याच्या एका मोलमागं सुटलेली उष्णता, किती?

एकूण द्रावण १०० ग्रॅम, तापमानातली वाढ ६.६ अंश. १०० × ४.१८ × ६.६ = २७५८.८ ज्यूल. पाणी तयार झालं ०.०५ मोल. २७५८.८ ÷ ०.०५ = ५५,१७६ ज्यूल, म्हणजे मोलमागं ५५.२ किलोज्यूल, आणि उष्णता बाहेर पडली म्हणून पुढं ऋण चिन्ह. संपलं.

उत्तर निम्मं किंवा पाव येतं

निम्मं म्हणजे २७.६. याला दोन वाटा आहेत, आणि दोन्ही सारख्याच गर्दीच्या.

पहिली वाट: वस्तुमान ५० ग्रॅम घेतलं. "आम्लाचं उदासिनीकरण" असं वाचलं की डोळ्यासमोर फक्त आम्लाचा बीकर राहतो. पण उष्णता काही बघून तापवत नाही, की हे पाणी आम्लाच्या बाटलीतलं आणि ते कॉस्टिकच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईडच्या. एकदा ओतलं की सगळं एक. ज्यांच्या घरी अजून बंब पेटतो त्यांना हे पटकन कळतं. बादलीत कढत पाणी घेऊन त्यात विसण घातलं, तर आंघोळीला येणारं पाणी दोन्ही मिळून असतं. उष्णतेला अख्खी बादली तापवायची आहे.

दुसरी वाट: वस्तुमान बरोबर १०० घेतलं, पण मोलचीही बेरीज केली. आम्लाचे ०.०५ अधिक आम्लारीचे ०.०५, झाले ०.१. इथं मी पोरांना चप्पल लाईनवर, म्हणजे चपलांच्या बाजारात, नेतो. कारागिरानं ५० डाव्या आणि ५० उजव्या चपला करून ठेवल्या तर विकायला जोड किती? १०० असं कुणीच म्हणत नाही. एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साईड आयन मिळून पाण्याचा एक रेणू होतो. एन्थाल्पी आपण सांगतो ती या पाण्याच्या एका मोलमागं, म्हणजे जोडामागं.

थोडक्यात, वस्तुमानाची बेरीज करायची, मोलची करायची नाही. पोरं नेमकं उलटं करतात.

आणि दोन्ही चुका एकाच वहीत आल्या तर? निम्म्याचं निम्मं. ५५.२ चा पाव भाग, म्हणजे १३.८. पोरीच्या वहीत हेच झालं होतं. गाईडातले १३.७ खोटे नाहीत, पण ते किलोकॅलरीतले आहेत. १ कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, म्हणून १३.७ किलोकॅलरी म्हणजे ५७.३ किलोज्यूल. ज्यूल आणि कॅलरीतलं गुणोत्तर चारच्या जवळपास, आणि तिच्या दोन चुकांचा गुणाकारही चार. असा योग जुळून आला की चूक स्वतःच दाखला घेऊन हजर होते. जुनी गाईडं वापरायला माझी ना नाही, पण आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

उत्तर दोन हजारांच्या पुढं जातं

२३३७ किलोज्यूल असं काही आलं तर समजायचं की डेल्टा टीमध्ये, म्हणजे तापमानातल्या वाढीत, २७३ मिळवलेत. ६.६ चे २७९.६ झाले, म्हणजे बेचाळीसपट. "सर, केल्विनमध्ये घ्यायचं असतं ना?" हो, तापमान केल्विनमध्ये घ्या, हवं तर दोन्ही घ्या. ३००.४ आणि ३०७.०. वजा करा, ६.६च येईल.

हे सांगायला कोल्हापुरात पावसाळ्यासारखा मोका नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दोन्हींत अंतर ४ फुटांचं. आता उद्या कुणी ठरवलं की पातळी बंधाऱ्यापासून न मोजता समुद्रसपाटीपासून मोजायची, तर ३९ चाही आकडा बदलेल, ४३ चाही बदलेल. नदीला इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत चढायला मात्र तेच ४ फूट लागणार. २७३ चं काम एवढंच, शून्य कुठं धरायचं ते बदलणं. फरकाला त्याचा स्पर्श होत नाही. गणितात "प्रति केल्विन" दिलेलं असो की "प्रति अंश सेल्सिअस", ४.१८ तोच राहतो, त्याचंही कारण हेच.

उत्तर हजारपट, किंवा चुकून बरोबर

५५,१७६ लिहून पुढं किलोज्यूल लिहिलं, की हजारपट. ही चूक आळसाची आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

पण तिचा एक भाऊ आहे आणि तो मजेशीर आहे. मागं एका पोरानं मोल काढताना मिलिलिटरचं लिटर केलंच नाही. १ × ५० = ५० मोल. मग २७५८.८ ला ५० नं भागलं, आले ५५.२, आणि शेवटी बिनधास्त "किलोज्यूल प्रति मोल" लिहून मोकळा. उत्तर बरोबर! बाकीच्यांनी ओरडा केला की याच्या दोन चुका एकमेकींत मिटल्या. खरं बघितलं तर ही पद्धत चुकीची नाहीच. मोलॅरिटीला मिलिलिटरनं गुणलं की मिलिमोल मिळतात, आणि ज्यूल प्रति मिलिमोल म्हणजेच किलोज्यूल प्रति मोल. सीईटीला वेळ वाचवायला मी स्वतः हेच शिकवतो. फक्त ५० च्या पुढं "मिलिमोल" लिहा. न लिहिता केलं तर पुढच्या गणितात, जिथं उष्णता आधीच किलोज्यूलमध्ये दिलेली असते, तिथं तोंडावर आपटाल.

आम्ल आणि आम्लारी सारखे नसतात तेव्हा

परीक्षेत खरी गोम इथं असते, कारण ५० आणि ५० चं सोपं गणित कोण विचारणार?

असं धरा: ०.५ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल ६० मिली, १ मोलार सोडियम हायड्रॉक्साईड ४० मिली. एन्थाल्पी ५७.३ दिली आहे, तापमान किती वाढेल ते सांगा. आम्ल ३० मिलिमोल, आम्लारी ४० मिलिमोल. परत चप्पल लाईन. ३० डाव्या, ४० उजव्या, जोड ३०च. उरलेल्या १० उजव्या तशाच पडून राहणार. म्हणून उष्णता ३० × ५७.३ = १७१९ ज्यूल. द्रावण १०० ग्रॅम. १७१९ ÷ ४१८ = ४.११ अंश.

वहीत ५.४८ दिसलं तर ४० मिलिमोल धरलेत. ९.६ दिसलं तर ३० आणि ४० ची बेरीज झाली आहे. आणखी एक जरा हुशारीची चूक असते. पोरगं म्हणतं, उरलेल्या कॉस्टिकनं तर काहीच केलं नाही, मग त्याचं पाणी वस्तुमानात कशाला धरायचं? त्यानं अभिक्रिया केली नाही, पण तापलं तर तेही. पाहुणा लग्नात राबला नाही तरी जेवणार आहेच, ताट धरावंच लागतं.

सल्फ्युरिक आम्ल आलं की ही चूक नवा सदरा घालून येते. ०.५ मोलार सल्फ्युरिक ५० मिली, १ मोलार सोडियम हायड्रॉक्साईड ५० मिली. पोरं २५ मिलिमोल आणि ५० मिलिमोल बघून २५ ला मर्यादा धरतात, वाढ ३.४ अंश काढतात. पण सल्फ्युरिकच्या प्रत्येक रेणूकडं दोन हायड्रोजन आयन आहेत. २५ मिलिमोल आम्ल म्हणजे ५० मिलिमोल हायड्रोजन आयन, आणि ५७.३ धरून वाढ ६.८५ अंश. उलट, एन्थाल्पी विचारली असेल तर प्रश्न दोनदा वाचा. "पाण्याच्या मोलमागं" आणि "आम्लाच्या मोलमागं" यांत सल्फ्युरिकला दुपटीचा फरक पडतो. उत्तर ११४ च्या घरात आलं तर ते चूकच असेल असं नाही, कदाचित प्रश्नच तसा असेल.

याच धाटणीचा एक बहुपर्यायी प्रश्न हमखास विचारला जातो. ५० मिलीऐवजी दोन्ही द्रावणं २०० मिली घेतली, तर तापमान किती वाढेल? चौपट, असं उत्तर आलं की मी समजतो हा पोरगा सूत्र म्हणतोय, विचार करत नाही. उष्णता चौपट झाली, पण तापवायचं पाणीही चौपट झालं. वाढ तेवढीच, ६.८५. तीव्रता दुप्पट केली तर मात्र वाढ दुप्पट, कारण पाणी तेवढंच राहून मोल वाढले.

सुरुवातीचं तापमान दोघांचं वेगळं असेल तर

आम्ल २६.० अंशांना ६० मिली, आम्लारी २८.० अंशांना ४० मिली. सरासरी २७.० नाही. विसण जास्त घातलं तर पाणी जास्त निवतं, तसंच हे. (६० × २६ + ४० × २८) ÷ १०० = २६.८. फरक ०.२ अंशाचाच, पण वाढ चार अंशांची असताना त्यातले ०.२ म्हणजे पाच टक्के. दोन्ही आकारमानं सारखी असतील तेव्हाच साधी सरासरी चालते.

चिन्हाबद्दल एवढंच: थर्मामीटर चढला तर डेल्टा एच, म्हणजे एन्थाल्पीतला बदल, ऋण. द्रावणानं मिळवलेली उष्णता धन, अभिक्रियेनं दिलेली तेवढीच ऋण. लिहायचं विसरलात तर अर्धा गुण जातो, आणि तो जावाच.

गणित बरोबर, पण प्रात्यक्षिकात ५७ येतच नाही

आता जरा वेगळ्या दुखण्याकडं. कागदावर सगळं जमतं आणि प्रयोगशाळेत आलं की ४६, ५०, ५३ असे आकडे येतात. इथं पट बघून भागत नाही, कारण इथं चूक सूत्रात नसून हातात किंवा भांड्यात असते. पण इथंही आकडा कुठल्या बाजूला झुकलाय यावरनं अंदाज बांधता येतो.

कमी आलं तर पहिला संशय भांड्यावर. काचेच्या बीकरमध्ये केलं असेल तर हिशोब करा. १०० ग्रॅमचा बीकर, काचेची विशिष्ट उष्माधारकता ०.८४ च्या आसपास, म्हणजे अंशामागं ८४ ज्यूल त्याला लागणार. द्रावणाला लागतात ४१८. सगळा बीकर तापला तर एकूण उष्णतेतला जवळजवळ सहावा हिस्सा त्याच्याच पोटात. थर्मोकोलचा कप म्हणूनच सांगतात. पण २०१८ पासून महाराष्ट्रात थर्मोकोलच्या कप-ताटल्यांवर बंदी आहे, त्यामुळं "कप आणा" म्हटलं की पोरं दुकानं फिरून हात हलवत परत येतात. माझा तोडगा: चहाचे दोन कागदी कप एकात एक, त्यांच्यामध्ये थोडा कापूस, वर पुठ्ठ्याचं झाकण आणि थर्मामीटरपुरतं भोक. दिसायला गबाळं, पण काम चोख.

त्या कपाचाही स्वतःचा वाटा काढता येतो, आणि तो काढलाच पाहिजे. कपात २७.० अंशांचं ५० मिली पाणी घ्या, त्यात ४७.० अंशांचं ५० मिली ओता. कपानं काहीच खाल्लं नसतं तर ३७.० यायला हवं. आमच्याकडं आलं ३६.६. गरम पाण्यानं गमावले ५० × ४.१८ × १०.४ = २१७३.६ ज्यूल, गार पाण्यानं मिळवले ५० × ४.१८ × ९.६ = २००६.४. मधले १६७.२ ज्यूल गेले कपात. कप तापला ९.६ अंश, म्हणून अंशामागं १७.४ ज्यूल. आता आपल्या मूळ गणितात ६.६ × १७.४ = ११५ ज्यूल मिळवा. २८७३.८ ÷ ०.०५ म्हणजे ५७.५. पहिल्यांदा आलेले ५५.२ आणि पुस्तकातले ५७.३ यांच्यातली फट ही अशी भरते.

जाता जाता: हाच प्रयोग काहीजण उकळतं पाणी घेऊन करतात आणि थर्मामीटर न लावताच १०० अंश लिहून टाकतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. मोजा आणि मग लिहा.

दुसरा संशय घाईवर. मिसळल्यावर थर्मामीटर सगळ्यात वर कुठं गेला तो आकडा पोरं घेतात. पण पारा चढायला वेळ लागतो आणि तोवर कप निवायला लागलेला असतो. म्हणून दर मिनिटाला नोंद घ्या आणि आलेख काढा. समजा तिसऱ्या मिनिटाला ओतलं, आणि पुढं चौथ्याला ३३.८, पाचव्याला ३३.६, सहाव्याला ३३.४. मिनिटाला ०.२ नं उतरतंय. ही रेघ मागं तिसऱ्या मिनिटापर्यंत ओढली की ३४.० मिळतं, आणि तेच खरं शिखर. सहाव्या मिनिटाचे ३३.४ घेणाऱ्याचं उत्तर ५०.२ येतं आणि तो कपाला शिव्या घालत बसतो.

तिसरा संशय थर्मामीटरच्या रेघांवर. एक-एक अंशाच्या रेघा असलेल्या थर्मामीटरवर कुणी सुरुवातीला २७ वाचतो, कुणी २८. शेवटी दोघंही ३४. एकाचं उत्तर ५८.५, दुसऱ्याचं ५०.२. दोघांत भांडण, आणि दोघांचाही काही दोष नाही. ०.१ किंवा ०.२ अंशाच्या रेघांचा थर्मामीटर मिळवा. नसेलच तर निदान द्रावणं विरल, म्हणजे पाणी जास्त असलेली, घेऊ नका. अर्ध्या मोलार द्रावणांना वाढ ३.४ अंशांचीच असते, मग अर्ध्या अंशाची चूकही फार महाग पडते.

चौथा संशय मात्र खास आपल्या हवेचा. जुलैत कॉस्टिकची बाटली उघडली की पांढऱ्या गोळ्या तराजूवर बघता बघता ओलसर होतात, कडा चमकायला लागतात, दोन मिनिटांत वॉच ग्लासला चिकटतात. त्या हवेतली ओल ओढून घेतात, वर कार्बन डायऑक्साईडही. तुम्ही ४ ग्रॅम मोजता, त्यात कॉस्टिक असतं ३.७ ग्रॅम, बाकीचा पाऊस. १०० मिलीत द्रावण केलं तर १ मोलार न होता ०.९२५ मोलार. उष्णता तेवढ्यावरच मिळणार आणि तुम्ही भागणार ०.०५ मोलनं. ५७.३ चे होतात ५३.०. यावर उपाय दोन. एक, ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून कॉस्टिकची खरी तीव्रता काढा, तुम्हाला ते येतंच. दोन, कॉस्टिक मुद्दाम थोडं जास्त, सव्वापट तीव्रतेचं घ्या आणि आम्लाची तीव्रता पक्की ठेवा. मग जोड आम्लच ठरवणार, कॉस्टिकचा खोट-नफा हिशोबात येत नाही.

घनता १ आणि ४.१८ धरण्यानं किती बिघडतं, असं कुणी विचारलं तर: फारसं नाही. शेवटी कपात उरतं ते मिठाचं द्रावण, ते पाण्यापेक्षा थोडं जड असतं आणि त्याची विशिष्ट उष्माधारकता थोडी कमी. दोन्ही एकमेकींना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात.

पुस्तकाचा आकडा आणि तुमचा आकडा

आपल्या पुस्तकांत ५७.३ दिसतं, कुठं ५७.१, आणि कुठं चक्क ५५.८. यातलं खरं कुठलं, यावर मागं एका पालकांनी मला फोन केला होता. २५ अंशांना, अतिशय विरल द्रावणासाठी ५५.८ हा आकडा येतो. तापमान कमी असेल तर आकडा थोडा वाढतो, २० अंशांच्या आसपास तो ५७ होतो. गणितात जो दिलाय तो वापरा, मनानं दुसरा घुसडू नका.

आणि आम्ल किंवा आम्लारी सौम्य प्रकृतीचं, म्हणजे पाण्यात पूर्ण न फुटणारं, असेल तर ५७ च्या मागं लागूच नका. अमोनियम हायड्रॉक्साईड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाला ५१.५ येतं, हायड्रोजन सायनाईड आणि कॉस्टिकला तर जेमतेम १२. रेणू आधी फुटायला हवा, त्याला उष्णता लागते, ती सुटलेल्या उष्णतेतूनच जाते. "सौम्य आम्ल म्हणजे नेहमी कमी" असं मात्र पाठ करू नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असूनही त्याला ६८.६ येतं, कारण ते पाण्यात विलग होताना उलट उष्णता सोडतं. हा प्रश्न कुणीतरी खोडसाळपणानं विचारतोच.

उत्तर ९७ आलं

शेवटी हा एक किस्सा, कारण यात चूक शोधायला मलाही वेळ लागला. माझ्या वर्गातल्या चौघांच्या गटाला त्यांच्या कॉलेजच्या प्रात्यक्षिकात ९७ आलं. दुप्पट नाही, दीडपटही नाही. सूत्र तपासलं, बरोबर. मोल तपासले, बरोबर. कप, थर्मामीटर, सगळं ठीक. शेवटी विचारलं, कॉस्टिकचं द्रावण कुणी केलं? "आम्हीच की. तिथंच केलो, लगेच ओतलो." आणि सुरुवातीचं तापमान कुणाचं घेतलं? "आम्लाचं."

४ ग्रॅम कॉस्टिक १०० मिली पाण्यात विरघळलं की तेच पाणी दहा-एक अंशांनी तापतं. विरघळतानाच मोलमागं ४४.५ किलोज्यूल बाहेर पडतात. यांनी ते निवू दिलं नाही. त्यातलं ५० मिली गरमागरम आम्लात ओतलं, आणि वाढ मोजली आम्लाच्या २७.४ पासून. १०० ग्रॅम द्रावणात ती शिळी उष्णता पाच अंशांची भर घालून गेली. ६.६ चे झाले ११.६. हिशोब केला, ९७.

म्हणजे चौघांनी नकळत घन कॉस्टिक थेट आम्लात टाकल्यावर जी एन्थाल्पी येईल, तीच मोजली होती. ४४.५ आणि ५५.२ मिळून ९९.७, त्यात थोडी गळती. १८४० साली जर्मेन हेस यांनी याच प्रकारचं काम केलं होतं. सल्फ्युरिक आम्ल आधी वेगवेगळ्या प्रमाणात पाण्यात मिसळून मग अमोनियानं उदासीन करायचं, आणि दोन्ही टप्प्यांची उष्णता मिळवायची. वाट कुठलीही धरली तरी बेरीज तीच येते, हे त्यांना तिथं दिसलं. आमच्या चौघांनी टप्पे एकत्र केले आणि बेरीज थेट हाताला लागली. मी त्यांना म्हटलं, हे असंच्या असं जर्नलात लिहा, कारण द्या, खाली हेसचा नियम मांडा.

जर्नलात त्यांनी ५७.१ लिहिलं. शेजारच्या टेबलाला तेवढं आलं होतं.